पारीची वेलांटी

१४ जून

हेमेंद्र, ही वही हातात आली की आधी तू चष्मा शोधशील. डोक्यावर पाहा, बाप्पा. तिथं नसला तर मागं आला होतास तेव्हा आमच्या खिडकीत विसरून गेलास तोच तो. मग वही राहू दे, आधी चष्मा न्यायला ये. माझ्या गुडघ्याचं तेल आणतो म्हणून दोन रविवार विसरलास, तिसऱ्या रविवारी तर यायचंच विसरलास. तुझ्या फुलचूरहून आपलं घाटटोला काय परदेशात आहे?

ही वही मला सरकारकडून मिळाली. गावात पूर निवारा समिती झाली आहे. पूर आला तर लोकांनी कुठं जायचं ते पावसाच्या आधी ठरवायचं, आणि मग तिथं पक्का निवारा बांधायचा. समितीत एक पूर पाहिलेली म्हातारी पाहिजे असा नियम. अशा म्हाताऱ्या गावात दोनच. एक तुझी काकी रुख्मा, ती कंबर मोडून खाटेवर पडली. दुसरी मी. प्रत्येकाला एक वही आणि एक पेन. मला पेन देताना तो गजेंद्र इंजिनिअर अडखळला. मी म्हटलं, "दे, कान कोरायला कामी येईल."

तर मी बोलते आणि तुझी बायको लिहिते. ओमेश्वरी अंगणवाडी सांभाळते, समितीची सचिवही तीच. अक्षर असं की ग्रामसेवक दुर्गाप्रसाद आपल्या कोंबडीच्या पायांची साफ प्रत तिच्याकडूनच काढून घेतो. एकच खोड आहे. माझे शब्द ती धुऊन वाळत घालते. मी "कायले" म्हणते, ती "कशाला" लिहिते. म्हणते, "माय, शाळेत असंच शिकवलं." गोंदिया शहरातली पोरगी, माहेरी अर्धी हिंदी, काय करता. लग्न होऊन आली त्या वर्षी तुझे बाबा तिला म्हणाले, "म्हैस बांधीत हाय, पाहून ये." आपली बांधी म्हणजे धानाचं वावर. ही गोठ्यात जाऊन खुंटा शोधत बसली, म्हैस कुठं बांधली म्हणून! अठरा वर्षं झाली, मी ही गोष्ट अजून सांगते. आज बैठकीतही सांगितली. सगळे हसले. ती पण हसली, थोडी.

बैठकीत गजेंद्रनं विचारलं, "आजी, पाणी आलं की तुम्ही लोक कुठं जाता?" मी म्हटलं, "पाणी आलं की आम्ही वडाच्या पारावर जातो. आमच्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून जातो. तिथं उभं राहिलं की वैनगंगा खाली वाळत घातलेल्या लुगड्यासारखी दिसते, आणि मागून तिरोड्याचा रस्ता मोकळा. तिथंच बांधा तुमचा निवारा." सगळ्यांनी माना हलवल्या. गजेंद्रला अजून चार गावं करायची होती, त्यानं घड्याळ पाहिलं. दुर्गाप्रसादनं खरडलं, ओमेश्वरीनं घरी बसून साफ प्रत काढली, मी अंगठा दिला. बरं वाटलं. आजवर अंगठा रेशन घ्यायलाच लावला होता, आज पहिल्यांदा काही द्यायला लावला.

२६ जून

रुख्माकडे बसून आले. खाटेवर पडल्यापासून तिचं तोंडच तेवढं चालतं, पण ते चौघांचं चालतं. आज मात्र हळूच म्हणाली, "मुन्नी, पानी आलं त मले कोन नेईल वो?"

मी म्हटलं, "तुले कायले नेतील? तुझी जीभ नेऊ, तीच कामाची हाय."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं होतं शिवी देईल.

घरी आले तरी ते तोंड डोळ्यांपुढून जाईना. मागच्या मोठ्या पुरात रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या त्या ठेंगण्या सिमेंटच्या रस्त्यावर, माझा पाय सरकला होता. हिनंच माझा अंबाडा धरून मला ओढलं. मूठभर केस उपटले म्हणून मी वर्षभर भांडले. अंबाडा धरला नसता तर भांडायला मी नसते.

परत गेले आणि सांगून आले, "तुझी खाट मी नेईन. उचलतील चार जण, पुढं शिव्या देत चालीन मी." तेव्हा कुठं म्हणाली, "शिव्या मी देईन, तू वाट पाह्यजो." आता झोप लागेल तिला.

११ जुलै

आजचं भांडण जसंच्या तसं लिही अशी मी ओमेश्वरीला शपथ घातली आहे.

शाळेवरून जात होते. शाळेपुढच्या वडाखाली चुन्याच्या रेघा मारलेल्या, चार खुंट्या ठोकलेल्या, आणि गजेंद्र फीत धरून उभा.

"काऊन रे, इथं काय मोजून राहिला?"

"निवारा, आजी. तुमच्या मनासारखा. चाळीस बाय वीस."

"इथं? इथं त बेडकं बुडतात!"

"तुम्हीच तर सांगितलं, वडाचा पार."

"मी पारीवर म्हणली. पार! नाल्याच्या पल्याड मामा तलावाची पानी अडवणारी मातीची पार, जिच्यावर उभं राहिलं का गंगा खाली दिसते. या झाडाखालच्या दगडाले आमच्यात ओटा म्हणतात. याले पार कोन म्हणते?"

पोरगं गोरंमोरं झालं. पिशवीतून कागद काढला. "ठरावात लिहिलंय, आजी. वडाच्या पारावर. खाली हा अंगठा कोणाचा?"

अंगठा माझाच. विळा लागलेली आडवी खूण आहे त्यावर.

"अंगठा माहा हाय. वड माहा नाई."

दुर्गाप्रसादला बोलावलं. तो म्हणे, मी पार एवढंच लिहिलं होतं वाटते, कच्चा कागद आता सापडत नाही. मी म्हटलं, तुझं अक्षर तुलाच वाचता येत नाही, तू वडच काय, पिंपळ लिहिला असशील. बिचारा कान खाजवत राहिला.

गजेंद्र म्हणाला, नकाशा वर गेला. ठराव बदलायचा तर ग्रामसभा पाहिजे, ती पंधरा ऑगस्टला. तोवर कागदात शाळाच निवारा. भोंगा दोनदा वाजेल, दुसऱ्याला सगळ्यांनी शाळेत.

"दुसरा भोंगा होईपर्यंत रपटा बुडते, बाप्पा. शाळा इकडं, पार तिकडं. मंग शाळा म्हणजे टापू."

"महिनाभराचा प्रश्न आहे, आजी."

तर हे लिही, ओमेश्वरी: ज्या बैलानं माझ्या तोंडात वड लावला, त्याच्या ताटात जन्मभर अळणी वरण पडो.

इथं हिचं पेन अडलं. शाई संपली म्हणते. कालच नवी कांडी टाकली होती. झटकून झटकून पुन्हा लिहायला लागली.

१२ जुलै

आज वरणात मीठ नव्हतं. मी वरून घेतलं. ओमेश्वरीनं तसंच खाल्लं. "डॉक्टरनं सांगितलं काय?" तर मान हलवली, हो का नाही, ते कळलं नाही.

२ ऑगस्ट

हेमेंद्र, तू आलास, तेल आणलंस, आणि छत्री विसरून गेलास. देव तुला तुझी बायको विसरू न देवो.

शाळेवर निळी पाटी लागली. मी ओमेश्वरीला म्हटलं, वाच. म्हणाली, "पूर निवारा केंद्र." पाटी चांगली दोन हात लांब. "एवढ्या लांब पाटीवर एवढंच?" तर म्हणे, बाकी ऑफिसचं नाव आहे. असेल. ऑफिसची नावं लांबच असतात.

धान रोवून झालं. आठ दिवसांपासून आभाळ फाटलं आहे. पुढं गंगा, मागं नाला, मधे आम्ही. रोज दुपारी काठी टेकत रपट्यापर्यंत जाते आणि मैलाच्या दगडावर पाणी कुठवर आलं ते पाहते. पूर्वी हे सगळं गाव पाहायचं. आता सगळे म्हणतात, भोंगा वाजेल. ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे आणि रपट्यावर मी एकटी.

पंधरा तारखेला तेरा दिवस राहिले. ओमेश्वरी बोटांवर मोजत असते. माझ्यापेक्षा तिलाच घाई. वाळून अर्धी झाली पोरगी. वरण अजून अळणी.

८ ऑगस्ट

शाळेच्या वरच्या खोलीतून. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली.

सकाळी वरच्या धरणाची दारं उघडली. पहिला भोंगा वाजला तशी सवयीची माणसं ढोरं हाकत रपट्यावरून पारीवर गेली. मी रुख्माच्या दारात उभी. गावातली चार तरणी पोरं खाट उचलायला आली, मी म्हटलं, "पारीवर घ्या, आत्ताच्या आत्ता."

त्यातला भुपेंद्र म्हणाला, "आजी, म्हातारे अन् बिमार लोक शाळेत, असं कागदात हाय. बोट तिथंच येईल. आमी पारीवर नेलं अन् बोट इकडं आली, मंग कोन जबाबदार? अंगठा त तुमचाच हाय."

मी बोलत राहिले. बोलण्यात माझा हात कोण धरतो? पण मी बोलेपर्यंत दुसरा भोंगा वाजला, आणि रपट्यावर पाणी मांडीपर्यंत आलं. खाट खांद्यावर घेऊन त्यातून जाता येत नाही. मग शाळा.

खालच्या खोल्यांत पाणी शिरलं. वर एकच खोली, वर्षापूर्वी बांधली. जिना मधे वळतो. खाट वळेना. उभी केली, आडवी केली, रुख्मा वर बांधलेली, खाली पाणी चढतंय आणि वरून तिच्या शिव्या पडताहेत. चाळीस बाय वीस मोजलं, नकाशा आकाशातून काढला, पण खाट कोणी मोजली नाही. शेवटी खाट तिथंच अडकली आणि तिला गोधडीत घेऊन वर चढवलं. एक कोपरा मी धरला होता. माझ्या बाजूनं ती जिन्याला आपटली.

"मुन्नी, अंबाड्याचा बदला घेऊन राहिली काय?"

एकवीस माणसं आहोत. म्हातारे, दोन बाळंतिणी, एक आंधळा, आणि खाट उचलणारी ती चार पोरं. आता पाणी जिन्यातल्या खाटेवर झोपलं आहे.

९ ऑगस्ट

बोट आली नाही. फोन सगळे मेले. पाऊस तेवढा जिवंत.

खिडकीतून पार दिसते. समोर, हाक मारली तर ऐकू जावी इतकी. मधे नाला, पण आता तो नाला नाही, गंगेचीच लेक झाला आहे. तिकडं ताडपत्र्या लागल्या, चुलीचा धूर निघतो. त्यांच्या भाताचा वास इथं येतो हो. कोणी रिकामा माणूस सकाळपासून तिथं उभा राहून लाल दुपट्टा हलवतो आहे. याला काही काम नाही काय? ओमेश्वरी खिडकीतून हटेना. डोळ्यांत कचरा गेला म्हणते. एवढ्या पावसात कचरा!

खायला शाळेचा शिल्लक मुरमुरा होता, तो संपला. मग ओमेश्वरीनं आपल्या पिशवीतून डबा काढला. तिच्या आईनं मागच्या महिन्यात धाडलेली खुरमी, कणिक-गुळाची. अठरा वर्षं मी तिला दगड म्हणत आले. "तुझ्या माहेरचे दगड आले," असं. डब्याला हात लावला नव्हता. आज तिनं एकवीस वाटे केले. मला दात नाहीत. मी गालात धरून ठेवली. दुपारभर विरघळत होती.

रुख्माला ताप भरला आहे. पाठीला जिना लागला तिथं लाल झालं आहे. मी कूस बदलून देते, ती हात झटकते, मग धरून ठेवते. "पारीवर नेईन म्हणली होती ना तू मले," एवढंच म्हणते. ओरडून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१० ऑगस्ट

आज रुख्मा तापात बरळायला लागली. मधेच शुद्धीवर येऊन म्हणाली, "काही वाच वो ओमेश्वरी. या पान्याचा आवाज आयकवत नाई."

मी म्हटलं, "माझी वही वाच. हेमेंद्रची फजिती ऐकून हसतील तरी."

ओमेश्वरी म्हणे, अक्षर पुसलंय. म्हणे, उजेड नाही. मी म्हटलं, भरदुपार आहे, वाच. तिनं पहिलं पान काढलं. चष्म्याचं वाचलं, लोक हसले. म्हशीचं वाचलं, आंधळा सीताराम फरशीवर हात आपटून हसला. मग गजेंद्रचा प्रश्न आला. "मी म्हटलं, पाणी आलं की आम्ही…" आणि ही थांबली.

"पुढं?"

एका जागी डोळे लावून बसली. मग वाचलं. "वडाच्या पारावर जातो."

रुख्मा पडल्या पडल्या म्हणाली, "वडाच्या? वडाच्या कायच्या?"

हेमेंद्र, माझ्याच वहीत माझ्या तोंडात वड होता. तुला पहिल्या पानावर दिसला असेल, तू शिकलेला. मला दोन महिने दिसला नाही. मी रोज ही वही उशाखाली घेऊन निजत होते.

एकवीस जण आमच्याकडं पाहत होते. भुपेंद्रची आई म्हणालीच, "म्हंजे हे कोनं लिहिलं?"

मी म्हटलं, "मीच म्हणलं होतं. म्हातारीची जीभ, घसरली. वही खोटी कशी बोलेल?"

लोकांनी मला दोन-चार गोष्टी ऐकवल्या. सत्तरी ओलांडली, समितीत कायले बसतेस, असं. मी ऐकून घेतल्या. सवय नाही, तरी घेतल्या.

मग हिला फळ्याच्या कोपऱ्यात नेलं. हळूच विचारलं, काऊन? हिनं रडता रडता सांगितलं. मी पारीवर म्हणाले, तिला वाटलं माझं व्याकरण चुकलं, तर पारावर केलं. मग वाटलं, नुसत्या पारानं ऑफिसला कळणार नाही, तर पुढं वडाच्या लावला. घरची वही लिहिली तसाच ठरावही लिहिला.

"अठरा वरसं झाली गावात. विचारायचं त होतं मले!"

"विचारणार होती, माय. तुमी त्याच दिवशी बैठकीत बांधीची गोष्ट सांगितली. वाटलं, आता पारीचीबी सांगाल."

सांगितलीच असती मी. आणि ते मला तिच्याच हातानं लिहून घ्यावं लागतं आहे.

निळ्या पाटीवर ऑफिसच्या नावाऐवजी वडाचा पार लिहिला होता, ते कळलं, वरणाचंही कळलं. महिनाभर अळणी खाल्लं पोरीनं, माझी शिवी खरी करत.

मी म्हटलं, दाखव मला, काय चुकलं ते. तिनं खडू घेतला, फळ्यावर दोनदा लिहिलं, पारावर आणि पारीवर. पहिल्यात मधे नुसती उभी काठी. त्याला काना म्हणतात. दुसऱ्यात तीच काठी, पण डोक्यावरून पदर घेतलेली. ती वेलांटी. काठीवर पदर असला तर तलाव, नसला तर वड. एवढ्याशा पदरानं रुख्मा इथं पडली आहे.

ओमेश्वरी, आजपासून माझे शब्द धुवायचे नाही. मळके तर मळके. कळला नाही त मले विचारायचं. मी हसली त मलेच अळणी वरण वाढजो.

११ ऑगस्ट

बोट आली. गजेंद्र पुढं बसून होता, चेहरा धुतल्या फडक्यावानी. खिडकीचे गज कापले अन् रुख्माले गोधडीत बांधून पयले उतरवलं. ताप होताच. मी वरून वराडत होती, "पाठ सांभाळ, पाठ सांभाळ!" खालून तिचा आवाज आला, "मुन्नी, तू गप राह्य, बोट हालून राहिली." तवा मले समजलं का हे मरत नाई.

बोटीत गजेंद्र म्हणला, "आजी, त्या दिवशी मी पायी चालत जागा पाह्यला गेलो असतो…"

मी म्हणली, "चार गावं होती तुले. आता त्या चार गावांत जाजो. तिथंबी कोणाचा काना, कोणाची वेलांटी अडकली असंल."

त्याले काही समजलं नाई. ओमेश्वरीले समजलं.

पारीवर उतरली त लाल दुपट्टेवाला समोर. तू होतास, बाप्पा! तीन दिवस उभा होतास म्हणे, अन् मी तुले रिकामा माणूस लिहून ठेवलं. आता खोडू देत नाई. तुझी बायको खिडकीतून तुले पाहून रडून राहिली होती अन् मी कचरा शोधत होती. तुम्ही दोघंबी मले काही सांगतच नाई. काऊन सांगत नाई, तेबी आता थोडं समजून राहिलं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा पारीवरच झाली, ताडपत्रीखाली. शाळेत अजून गाळ हाय. झेंडाबी पारीवर लागला.

मी ओमेश्वरीले म्हणली, कच्चं-पक्कं काही नाई, सगळ्याईसमोर लिही अन् सगळ्याईसमोर विचार. ते उभी राहिली. मोठ्यानं विचारलं, "पार म्हणजे काय?" एक-दोघं हसले. मी पाह्यलं त्याईकडं. मंग हसले नाई. भुपेंद्रनं सांगितलं, तलावाची मातीची पार, नाल्याच्या पल्याड. तिनं तसंच लिहिलं, ओट्याले ओटा लिहिलं, अन् तीनदा वाचून दाखवलं.

खालीबी लिहिलं: पयला भोंगा रपट्यावर पानी यायच्या आधी वाजला पाह्यजे. खाटेवरची माणसं पयल्या भोंग्यालेच निघतील. निवाऱ्याले जिना नको, उतार पाह्यजे, अन् दार खाटेपेक्षा हातभर रुंद. खाट मोजली. रुख्माचीच, जिन्यातून काढलेली, एक पाय मोडलेली.

अंगठा लावायच्या आधी मी कागद डोळ्यापाशी धरला. लोकाईले वाटलं म्हातारी नाटक करून राहिली. मी शोधत होती. सापडली. काठी, डोक्यावर पदर. मंगच शाई लावली.

मंग उठून सांगितलं, वड मी नाई म्हणली होती अन् हिनं लिहिला होता. पण हिले विचारायची भीती मी घातली होती. दोघींचं चुकलं, निम्मं निम्मं. ओमेश्वरी म्हणते, हे लिहू नका. मी म्हणली, आता तूच माझे शब्द गाळशील काय?

२० ऑगस्ट

ठराव वर गेला. वर म्हणजे कुठं ते गजेंद्रलेबी माहीत नाई. पावसाचा सव्वा महिना बाकी हाय. घराच्या भिंती ओल्या, चूल वाहून गेली, अन् आभाळ आजबी खाली आलं हाय. आमी अजून ताडपत्रीतच राहून राहिलो. रपट्यावर पानी चढते, उतरते. जवा चढते तवा इकडंबी कोंडल्यासारखंच वाटते, पण पाय कोरडे हाय. दुपारी मी दगड पाह्यला जातो त आता भुपेंद्र संगं येते.

रुख्मा दवाखान्यातून आली. पाठ भरून राहिली. तिची खाट माझ्या खाटेले लावून ठेवली. रोज विचारते, निवारा कवा बांधतील? मी म्हणतो, तुझ्या जिभेले घाबरून लवकर बांधतील. आज तिनं शिवी दिली. बरं वाटलं.

वरणात मीठ आलं. थोडं जास्तच पडलं.

तर हेमेंद्र, आता ध्यान देऊन वाच, अन् पदराले गाठ मार. पदर नसंल त दुपट्ट्याले मार, लाल हाय तुझ्याजवळ. तोस-बिस्कुटाचे पुडे धाडू नको, सगळं गाव तेच खाऊन राहिलं. रुख्मासाठी लाखोळीची डाळ धाड, अन् सुकसीची वाळली मासोळी, वास आला का तिले भूक लागते. अन् ओमेश्वरीच्या माहेरी जाऊन तिच्या मायले सांग, तीज आली, खुरमी करा. ओमेश्वरी दगड लिहायले गेली होती, माझ्या सवयीनं. मी म्हणली, खोड. खुरमी लिही. अन् वाकून पाह्यलं, शेवटी काठीवर पदर घेतला का नाई. घेतला हाय. तर खुरमी धाडजो, मोठा डबा भरून, एकवीस वाट्याची. अन् माझा वाटा दुधात भिजवून येगळा.